टॅक्सीतला वाटाड्या आकाशात

शहरातली अशी एखादी गल्ली शोधून काढा, जिथे ताईंची टॅक्सी कधी गेलेली नाही. नाही सापडायची. कुठल्या इस्पितळाचं मागचं दार सकाळी उघडं असतं, कुठल्या शाळेपुढे दुपारी गाडी अडकते, कुठल्या चौकातला सिग्नल उगाचच लांबतो, सगळं तोंडपाठ. स्टँडवर नवा पत्ता आला की बाकीचे टॅक्सीवाले ताईंना विचारत आणि ताई काचेतून हात बाहेर काढून नुसत्या बोटांनी रस्ता सांगत. आणि हीच बाई रविवारी ग्लायडरमध्ये बसून वर गेली, की खालच्या धावपट्टीवरून नजर हटवायला तयार नसे.

ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. जमिनीवरच्या विंचच्या, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राच्या, दोरानं ते वर खेचायचं, दोर सोडायचा आणि मग उन्हानं तापून वर चढणारी हवा शोधून तिच्यात घिरट्या घालत उंची कमवायची. अशा वर चढणाऱ्या हवेला थर्मल म्हणतात. क्लबातले लोक एका थर्मलवरून दुसऱ्या थर्मलवर जात जात भलतीकडे पोचत आणि संध्याकाळी फुशारक्या मारत परत येत. ताई मात्र धावपट्टीच्या डोक्यावर गोल गोल. खुंट्याला बांधलेलं जनावर फिरतं तशा. त्यावरून क्लबात त्यांचं नाव पडलं खुंटाताई. ताईंनी ते हसून घेतलं, पण मनाला लागायचं ते लागलंच.

कारण नव्हतं असं नाही. शिकत होत्या तेव्हा एकदा जरा लांब गेल्या, परत येताना उंची संपली, आणि धावपट्टीच्या अलीकडच्या कुंपणाला ग्लायडर घासलं. खरचटलं फक्त पंखावरचं कापड, पण त्या दिवशी बसलेली धास्ती नंतर कधी पुरती गेलीच नाही. त्यांनी कानाला खडा लावला. टॅक्सीत पेट्रोल संपलं तर गाडी कडेला लावता येते. वर कडेला कुठे लावणार?

या वर्षी मात्र डॉक्टरांनी कागद पुढे सरकवत साफ सांगितलं, "टॅक्सी चालवा, माझी ना नाही. पण हृदयाचे ठोके बघता पुढच्या हंगामात आकाशात एकटीनं जायची परवानगी मी देणार नाही. जायचंच तर शिकवणाऱ्याला सोबत घेऊन जा."

ताई बाहेर आल्या त्या तशाच टॅक्सीत बसून राहिल्या. क्लबात पन्नास किलोमीटरचा एक बिल्ला मिळतो. एकट्यानं उडायचं आणि सरळ रेषेत पन्नास किलोमीटर लांब जायचं, एवढीच अट. इतकी वर्षं ताई म्हणत आल्या होत्या, पुढच्या वर्षी बघू. आता पुढचं वर्षच उरलं नव्हतं. हा हंगाम, नाहीतर कधीच नाही.

"मला एवढंच कुणीतरी सांगा," त्या क्लबातल्या मास्तरांना म्हणाल्या, "की आत्ता या क्षणाला मी घरी पोचेन की नाही. बस्स. एवढं कळलं ना, तर मी जाते."

मास्तर म्हणजे ग्लायडर शिकवणारे. आवाज दणदणीत, मन लोण्याचं. ते म्हणाले, "त्याचं यंत्र असतं की. आणि ते तुमच्याच स्टँडवर धूळ खात पडलं असेल."

ताईंना वाटलं चेष्टा करतायत. पण नाही. मोबाइल येण्याआधी टॅक्सीच्या काचेला चिकटवायचे ते रस्ता दाखवणारे छोटे डबे आठवतात? स्टँडवर त्यांना वाटाड्या म्हणत. मोबाइल आले आणि सगळे वाटाडे एका रात्रीत बेकार झाले. मास्तरांनी सांगितलं की त्या डब्याच्या आत एक साधासा संगणकच असतो. त्याच्यात ग्लायडरचं सॉफ्टवेअर घातलं, की तो रस्ते विसरतो आणि डोंगर, वारा, उंची यांचा विचार करायला लागतो. आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा दाखवतो: इथून सरळ निघालात तर घरी किती उंचीवर पोचाल. अधिक असेल तर पोचाल. उणे असेल तर आधीच उतराल.

"आकडा दाखवतो?" ताईंचे डोळे चमकले. "सतत?"

"सतत."

दुसऱ्या दिवशी ताई स्टँडवरच्या खोलीत जाऊन हरवलेल्या सामानाचं खोकं उपसत बसल्या. एकट्या राहिलेल्या छत्र्या, हातमोजे, एक बासरी, आणि तळाशी वाटाड्यांची अख्खी पलटण. कुणाचा पडदा फुटलेला, कुणाची बॅटरी फुगलेली. दाढीवाला टॅक्सीवाला दारात उभा राहून बघत होता.

"काय ताई, रस्ते विसरायला लागलात का?"

"रस्ते नाहीत तिथे जायचंय मला," ताई म्हणाल्या आणि त्यातल्या त्यात धडधाकट एक उचलून निघाल्या.

घरी जेवणाच्या टेबलावर कारखाना उघडला. भाऊजी, म्हणजे ताईंचे यजमान, चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करत. सगळा क्लब त्यांना भाऊजीच म्हणे. बोलणं इतकं कमी, की दुकानातली गिऱ्हाइकं त्यांना ऐकू येत नाही असं समजून मोठ्यानं बोलत. ते चहाचा कप धरून बायकोची धडपड बघत बसले. ताईंनी सॉफ्टवेअर कार्डात भरलं, कार्ड डब्यात घातलं, बटण दाबलं, आणि डब्यानं शांतपणे शहरातले रस्ते दाखवले. पुन्हा घातलं. पुन्हा रस्ते. खटपटीअंती कळलं, की हा डबा सुरू झाला की ठरलेल्या नावाचा एकच कार्यक्रम शोधतो आणि तोच चालवतो. मग ताईंनी सरळ नव्या सॉफ्टवेअरला जुन्या नकाशाचं नाव दिलं. डबा फसला. पडद्यावर डोंगरांच्या रेषा उमटल्या, मधोमध एक चिमुकलं विमान, आणि कोपऱ्यात तो आकडा!

"अहो, बघा, बघा! हा बघा आकडा!" ताई खुर्चीतून उठल्याच.

भाऊजींनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं. "उणे आहे."

"मग? आपण स्वयंपाकघरात बसलोय. इथून कुठे पोचणार?"

पुढचे काही दिवस तो वाटाड्या टॅक्सीतच राहिला. ताईंना बटणं हाताखालची व्हायला हवी होती आणि टॅक्सीहून चांगली शाळा कुठली? पण त्या बिचाऱ्याला आपण टॅक्सीत आहोत हे कुठे माहीत? त्याच्या मते एक ग्लायडर भर वस्तीतून जमिनीला चिकटून चाललं होतं आणि कुठल्याही क्षणी आपटणार होतं. तो लाल होऊन टुक टुक करत राही. एक सूटबूटवाले साहेब मागच्या सीटवरून वाकून बघायला लागले.

"हे काय दाखवतंय?"

"आपण पुलाला धडकणार म्हणतंय," ताई सहज म्हणाल्या. "तुम्ही लक्ष देऊ नका."

साहेब पुढच्याच चौकात उतरले.

मग रविवारी मास्तरांच्या सोबतीनं खरी चाचणी. क्लबाच्या नव्या, पांढऱ्याशुभ्र, दोघांच्या ग्लायडरमध्ये ताई पुढे, मास्तर मागे. मास्तरांनी दोर लावायच्या आधीच बजावलं, "यंत्राला पहिल्यांदा सांगा, आपण कशात बसलोय ते. प्रत्येक ग्लायडरची जात वेगळी. हे पांढरं किती उंची खर्चून किती लांब जातं आणि आपलं जुनं लाकडी किती, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. यादीत नाव शोधा, निवडा." ताईंनी निवडलं. वर गेल्या. आकडा हिरवा, ठणठणीत. मास्तर म्हणाले, जा लांब. ताई गेल्या. आकडा उतरत उतरत शून्याजवळ आला तेव्हा वळल्या, आणि अहो आश्चर्य, यंत्रानं सांगितलं होतं तितक्याच उंचीवर धावपट्टीशी पोचल्या. ताईंना तर गुदगुल्या व्हायच्या बाकी होत्या.

फक्त मध्ये एकदा वायर हलली, यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झालं, आणि कुठल्यातरी कोपऱ्यात लपून बसलेला जुना नकाशा जागा झाला. ढगांच्या खाली, त्या शांततेत, एक बाई अतिशय नम्रपणे म्हणाली, "शक्य होईल तिथून मागे वळा."

"ही कोण?" मास्तर ओरडले.

"जुनी मालकीण," ताई म्हणाल्या, आणि दोघं इतके हसले की ग्लायडर हलायला लागलं. घरी आल्याआल्या ताईंनी जुना नकाशा मुळापासून पुसून टाकला.

उन्हात पडदा नीट दिसत नाही अशी तक्रार तेवढी राहिली होती. त्यासाठी भाऊजींनी दुकानातला सगळ्यात भारी गॉगल आणून दिला, चकाकी अडवणाऱ्या काचांचा. ताईंनी तो लावला आणि किंचाळल्या, "मेलं! यंत्र मेलं!" पडदा काळाठिक्कर. भाऊजींनी यंत्र हातात घेतलं, आडवं केलं, उभं केलं, आणि मग खुदकन हसले. "यंत्र जिवंत आहे. गॉगल काढ. या काचेतून असला पडदा काळाच दिसतो. माझ्याच लक्षात यायला हवं होतं." मग त्यांनी चष्म्याच्या जुन्या घरांचं काळं कातडं कापून पडद्याला एक छानशी झापड शिवून दिली.

आणि तो रविवार उजाडला. सकाळपासूनच आकाशात कापसाचे गोळे उमटायला लागले होते, म्हणजे थर्मल जोरात. पांढरं ग्लायडर मास्तरांनी शिकाऊ मंडळींसाठी राखून ठेवलेलं, तेव्हा ताईंच्या वाट्याला आलं लाकडी. ताईंना तेच आवडे. आत शिरलं की लाकडाचा आणि जुन्या सरसाचा वास येई. त्यांनी यंत्र बसवलं, वायर ओढून पाहिली, बॅटरी पाहिली, झापड लावली. भाऊजी नेहमीसारखे पंखाचं टोक धरून उभे होते. त्यांनी मान हलवली. दोर ताणला गेला आणि ताई वर!

काय दिवस होता तो! पहिल्याच ढगाखाली चढ-उताराचा काटा असा वर उसळला, की ताईंच्या तोंडून "आई गं!" निघालं. गोल, आणखी गोल, धावपट्टी खाली काडीएवढी झाली. ताईंनी आकड्याकडे पाहिलं. हिरवा. त्यांनी नाक वळवलं, लांबवरच्या त्या गावाकडे, ज्याची वीटकामाची उंच चिमणी स्वच्छ दिवसात क्षितिजावर दिसते. चिमणी म्हणजे पन्नासच्या जरा अलीकडे. तिच्या पलीकडे कापणी झालेली मोकळी शेतं. तिथवर जायचं आणि वळून परत यायचं, असा बेत.

नदी ओलांडली. इथवर ताई एकटीनं कधीच आल्या नव्हत्या. आकडा हिरवा. रेल्वेचा फाटा ओलांडला. आकडा हिरवा. पाठीमागे वळून पाहिलं तर धावपट्टी धुक्यात विरघळून गेलेली, आणि तरी आकडा सांगत होता, पोचशील गं, पोचशील! ताई मोठ्यानं गायला लागल्या. सूर यथातथाच होता, पण ऐकायला तिथे होतं कोण? त्यांना वाटलं, इतकी वर्षं आपण कशाला भीत होतो?

चिमणी चांगली दिसायला लागली तेव्हा त्यांनी यंत्राला घराऐवजी चिमणीचा आकडा विचारला. अधिक, भरपूर अधिक. त्या सरळ निघाल्या. आता नियम असा, की सरळ चाललात आणि हवा शांत असली, तर हा आकडा जवळपास जागच्या जागी राहायला हवा. पण तो घसरत होता. ताई म्हणाल्या, वारा असेल. आणखी घसरला. ताई म्हणाल्या, खाली जाणारी हवा लागली असेल. आणखी घसरला, आणि ताईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांनी हातमोज्याच्या बोटानं पडदा दाबला, दाबेना. दातांनी मोजा ओढून काढला, नखानं दाबलं, ग्लायडर निवडायचं पान उघडलं.

सगळ्यात वर नाव होतं पांढऱ्या ग्लायडरचं.

त्या बसल्या होत्या लाकडीत, आणि यंत्राला वाटत होतं, बाई पांढऱ्यात आहेत. मास्तरांसोबतच्या दिवशी निवडलेलं नाव तसंच राहिलं होतं. वायर पाहिली, बॅटरी पाहिली, झापड पाहिली, आणि पाहायचं ते पाहिलंच नाही! ताईंनी यादी खाली सरकवली, लाकडीचं नाव दाबलं. घराचा आकडा लाल झाला. नुसता लाल नाही, उण्याच्या खोल खड्ड्यात. चिमणीचाही लाल. म्हणजे घर हातचं केव्हाच गेलं होतं. नदीपाशीच गेलं असेल. त्या गात होत्या तेव्हा गेलेलं होतं.

काळजाचा ठोका चुकला. डॉक्टरांनी पाहिला असता तर त्याच दिवशी कागद फाडला असता. ताईंनी डोळे घट्ट मिटून उघडले. ज्याला त्या इतकी वर्षं भ्यायल्या होत्या, ते होऊन गेलं होतं. आणि ग्लायडर उडतच होतं. पंख जागेवर, नाक जागेवर, वाऱ्याचा सूं सूं आवाज तसाच. ताईंना एकदम हसू फुटलं. "घरी पोचत नाही," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "बरं! मग आता पुढे बघ बाई."

त्यांनी घराचा आकडा पडद्यावरून काढूनच टाकला. खाली उतरण्याजोगं एक लांबलचक शेत हेरून ठेवलं, ते हाताशी असलेलं बरं. मग त्या खाली बघायला लागल्या, टॅक्सीवाल्याच्या नजरेनं. कुठे तापलं असेल? डावीकडे कसलंतरी भलंमोठं गोदाम होतं, आणि त्याच्यापुढे ट्रक लावायचं डांबरी पटांगण. रविवार, एकही ट्रक नाही. सगळं काळं डांबर सकाळपासून उन्हात. अशा पटांगणात दुपारी गाडी लावली की स्टिअरिंगला हात लावता येत नाही, हे ताईंना कुणी शिकवायला नको होतं. त्या तिकडे वळल्या. उंची कमी होत होती. पटांगणाच्या अलीकडे काहीच नाही. त्याच्या डोक्यावर आल्या, काहीच नाही. जरासं पलीकडे, वाऱ्याच्या दिशेला, आणि उजवा पंख कुणीतरी खालून ढकलल्यासारखा उचलला गेला.

"आहेस! आहेस!" ताई ओरडल्या आणि वळल्या. काटा हळूच वर सरकला, मग जोरात. गोदाम लहान झालं. चिमणीचा आकडा लालाचा पिवळा झाला, पिवळ्याचा हिरवा. आता तो आकडा लाकडीचा होता, खरा होता. ताईंनी आणखी चार घिरट्या जास्तीच्या घातल्या आणि नाक सरळ केलं. चिमणी पंखाखालून मागे गेली तेव्हा त्यांनी तिला हात केला. पन्नास पार झालं, आणखी थोडं पार झालं, आणि मग त्या एका कापलेल्या शेतात अशा हळुवार उतरल्या, की ग्लायडर धावता धावता थांबलं तेव्हा त्यांना क्षणभर कळलंच नाही, की आपण जमिनीवर आहोत.

झाकण उघडलं. गवताचा वास आला. ताईंच्या तोंडावरचं हसू काही केल्या मिटत नव्हतं. त्यांनी खिशातून फोन काढला.

"अहो," त्या म्हणाल्या, "मी घरी येऊ शकत नाही!"

पलीकडे भाऊजी एवढंच म्हणाले, "लागलं का कुठे?"

"नाही हो! मी धड आहे, ग्लायडर धड आहे. चिमणीच्या पलीकडे आलेय मी. पन्नासच्या पुढे! ऐकताय ना? पन्नासच्या पुढे!"

उत्तरादाखल गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"अहो, थांबा, असे रिकामे निघू नका," ताई घाईघाईनं म्हणाल्या. "ग्लायडर पंख सोडवून घालून न्यायला ट्रेलर लागेल. तो हँगरच्या मागे असतो. एकट्याला जोडता यायचा नाही, मास्तरांना हाताशी घ्या."

"जोडलेलाच आहे."

"इतक्यात कसा जोडलात?"

"तू वर गेलीस की मी जोडतो. उतरायला लागलीस की सोडून ठेवतो. दर रविवारी."

ताईंचं हसू तोंडावर तसंच राहिलं. "कधीपासून?"

"तू पहिल्यांदा एकटी गेलीस तेव्हापासून."

"आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर तुला वाटलं असतं, तू परत पोचणार नाहीस अशी मला भीती वाटते." गाडीचा गिअर पडल्याचा आवाज आला. "भीती नव्हती गं. मला वाटायचं, आज ही लांब जाईल."

ताईंना रस्ता सांगायचा होता. पूल सोडून डावीकडे, मग गोदामाच्या मागून, सगळं वरून पाहिलं होतं त्यांनी. पण त्या फोन कानाला तसाच धरून ग्लायडरच्या काठावर बसून राहिल्या, आणि पलीकडून त्यांचा नवरा म्हणाला, "तू बस तिथेच. मी येतो शोधत."